अंगणातली होडी

सुगंधा परब कालवेवाडीत आली ती १९५८ची दिवाळी झाल्यावर. वय चोवीस. घर कुडाळकडचे, भातशेतीचे. समुद्र तिने तोवर दोन-तीनदाच, तोही लांबून पाहिला होता. फायनल पास होऊन तिने बालसेविकेचे दहा महिन्यांचे शिक्षण घेतले होते, आणि विकास गटाच्या कचेरीने तिला मालवणपासून चार मैलांवरच्या या खाडीकाठच्या वाडीत बालवाडी काढायला पाठवले होते. वाडी मासेमारी करणाऱ्या गाबितांची. तिची राहण्याची सोय सरपंच दत्ताराम तांडेलांच्या घरी झाली आणि बालवाडीला देवळाच्या धर्मशाळेची पडवी मिळाली.

कचेरीने एक पेटीही दिली होती. आत तीन रंगांचे लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, एक बाहुली. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठी चिकटवलेली: 'मोजून द्यावे, मोजून घ्यावे.' सुगंधाने तसेच केले. तीन ते सहा वर्षांची सतरा मुले ओळीने चटईवर बसत. ती ठोकळा उचलून विचारी, "हा कोणता रंग?" मुले एका सुरात म्हणत, "तांबडो." मग पुन्हा हात मांडीवर ठेवून गप्प. दीड महिना असा गेला. मुले हट्ट करत नव्हती, रडत नव्हती, भांडत नव्हती. सुगंधाला आधी याचा अभिमान वाटला, मग हळूहळू भीती वाटू लागली.

पौषातल्या एका सकाळी ती मालवणला महिन्याचा अहवाल देऊन उशिरा परतली. वाट खाडीवरून होती. ओहोटी लागली होती आणि चिखलात तिचीच सतरा मुले होती. पण ती ओळखू येत नव्हती. एक जण ओरडून हुकूम सोडत होता. दोघी चिखलाची भिंत घालत होत्या आणि ती का ढासळते यावर तावातावाने बोलत होत्या. एक लहानगा नुसताच पाय रुतवत होता, काढत होता, पुन्हा रुतवत होता, आणि पाय निघताना होणाऱ्या आवाजाला हसत होता. सुगंधा माडाच्या आडोशाला अर्धा तास उभी राहिली. त्या अर्ध्या तासात तिने जेवढे शब्द ऐकले तेवढे दीड महिन्यात ऐकले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने पेटी कपाटात ठेवली आणि मुलांना धर्मशाळेच्या मागच्या अंगणात नेले. तिथे पिंपळासारख्या पानांचे एक जुने भेंडीचे झाड होते, त्याची सावली दुपारपर्यंत टिकत असे. पुढचे आठ-दहा दिवस ती दुपारी वाडीत घरोघर फिरली. "तुमच्याकडे टाकून द्यायचं काय आहे?" असे विचारी. लोकांना हसू आले. पण कोणी नारळाची सोडणे दिली, कोणी करवंट्या, जाळ्याचे फाटके तुकडे, सुंभाचे गुंडाळे, फुटकी कौले. एका म्हातारीने गुरांना पाणी पाजायची दगडी डोण दिली. सुगंधाने समुद्रावरची जाडी रेती आणून ओतली. मुलांनी त्या रेतीकडे ढुंकून पाहिले नाही, खाडीतली काळी बारीक रेती हाताने वाहून आणू लागली. मग सुगंधाच्या लक्षात आले: जाड्या रेतीची भिंत उभी राहत नाही. तेव्हापासून अंगणात दोन ढीग झाले, एक घरंगळणारा, एक धरून राहणारा, आणि मधे पाण्याची डोण.

पायांसाठी तिने एक वाट केली. थोडी सोडणांची, थोडी गुळगुळीत गोट्यांची, थोडी शेणाने सारवलेली. मुले डोळे मिटून चालत आणि कुठे आलो ते पायांनी ओळखत. फांदीला शिंपल्यांच्या माळा टांगल्या. वारा खाडीकडून आला की एक आवाज, डोंगराकडून आला की दुसरा.

सुरुवातीला तिने प्रत्येक गोष्टीला जागा नेमून दिली होती. रेती रेतीत, करवंट्या पाण्याजवळ. मुले करवंट्या झाडाखाली नेत, सोडणे पाण्यात बुडवून त्यांचे मासे करत, माशांचा बाजार वाटेवरच मांडत. संध्याकाळी ती सगळे जागच्या जागी लावी, सकाळी दहा मिनिटांत सगळे पुन्हा हलत असे. एक दिवस तिने लावणे सोडून दिले. सोपे नव्हते ते. तिला लहानपणापासून नीटनेटकेपणाची सवय होती आणि कचेरीतून कोणी तपासणीला आले तर काय दाखवायचे हा घोर होता. पण मुले काल जिथे थांबली होती तिथूनच आज पुढे सुरू करतात, हे तिने पाहिले होते.

या कामात तिला सत्यवान मेस्त्रीची मदत झाली. सत्यवान वाडीतला सुतार. पस्तिशीचा, कमी बोलणारा माणूस. एके काळी त्याने बांधलेल्या होड्या वेंगुर्ल्यापर्यंत जात, पण आता तो नांगर, पाट, पाळणे एवढेच करी. त्याचा पाच वर्षांचा मुलगा महादू बालवाडीत होता. सत्यवान येऊन प्रत्येक लाकडाच्या कडा मुशी माशाच्या खरखरीत कातडीने घासून देई आणि वर आपला तळहात फिरवून पाही.

"मेस्त्री," सुगंधा एकदा त्याला म्हणाली, "मुलांना आत शिरून बसायला काहीतरी हवं. ती सारखी चटईखाली, पायरीखाली शिरतात. किनाऱ्यावर ती एक होडी पालथी पडलीय ना, माडांखाली? ती कोणाची?"

सत्यवानचा हात थांबला. "त्या होडयेचा नाव काढू नको, बाई," तो म्हणाला. अवजारे गोळा करून तो निघून गेला.

सुगंधाला खरे काय ते त्या दिवशी सरपंचांच्या बायकोकडून कळले. होडी भिकाजी खवणेकरची. दीड वर्षापूर्वी, भाद्रपदात गणपती पोचवल्यावर, भिकाजी आणि सत्यवान ती घेऊन गेले होते. सत्यवानने तिची गळती काढली होती आणि पाणी येते का पाहायला तो बरोबर गेला होता. वारा फिरला. संध्याकाळी दुसऱ्या होडीवाल्यांना सत्यवान एका फळीला धरून तरंगताना सापडला. होडी तिसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागली. भिकाजी सापडलाच नाही. त्याच्या आईने, आनंदीबाईंनी, प्रेत पाहिल्याशिवाय मुलगा गेला असे मानायला नकार दिला. सुनेला, काशीबाईला, कुंकू पुसू दिले नाही. आणि नातीला, बाबलीला सांगितले की बाप मुंबईला नोकरीला गेला. सगळी वाडी मग तसेच म्हणू लागली. सुगंधाच्या स्वतःच्या हजेरीपटातही बाबलीच्या नावापुढे तिच्याच अक्षरात लिहिलेले होते: 'वडील, मुंबईस.'

सुगंधाने होडीचा विषय मनातून काढून टाकला. पण वाडीत शब्द फिरतो. चार दिवसांनी काशीबाई अंगणात येऊन उभी राहिली. तिशीच्या आतली, काटक बाई, कपाळावर मोठे कुंकू.

"होडी व्हयी ना तुमका? व्हरा."

"नको हो काशीबाई. मला माहीत नव्हतं. माझं चुकलं."

"चुकूक नाय. रोज दार उघडलंय की ती समोर. दीड वर्सां. ना कोण समुद्रात घालीत, ना कोण जाळीत. व्हरा ती. माज्या डोळ्यांसमोरसून व्हरा."

"आणि आनंदीबाई?"

"तेंका विचारलंय. म्हणतत, पोरां खेळांदेत. भिको इलो की परत देवची लागतली."

आठ माणसांनी होडी उचलून आणली आणि भेंडीखाली मोकळ्या राखलेल्या जागी रेतीवर सरळ ठेवली. सत्यवान त्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा अंगणात आली तेव्हा तो एकटाच होडीत बसून खिळे काढत होता. "पोरांका लागात," एवढेच म्हणाला. डाव्या अंगाची एक फळी नव्हती, तिथून मूल आरपार जाईल एवढी फट होती. त्याने फटीच्या कडा घासून घासून मऊ केल्या, पण नवी फळी बसवली नाही.

होडीचे बूड गोल, त्यामुळे मुले एका बाजूला सरकली की ती डुले. पहिले काही दिवस ती मालवणची मोटार झाली, मग वाण्याचे दुकान, मग लग्नघर. सुगंधा लांब बसून वहीत टिपून ठेवी. मग माघ संपता संपता एक खेळ सुरू झाला आणि तो दुसऱ्या दिवशीही झाला, तिसऱ्या दिवशीही.

महादू होडीत उभा राहून "वारो इलो, वारो इलो" असे ओरडे. मुले एका अंगावर पडत, होडी कलती होई. कोणी करवंटीने नसलेले पाणी उपसून बाहेर टाकी. मग सगळी जण फटीतून बाहेर रेतीत पडत. दोघे जण हातांनी वल्हवत जात आणि काही तरी बोलत. शेवटी एक रेतीत आडवा पडे, बाकीचे त्याच्यावर सोडणे टाकत, आणि सगळे गप्प बसत. बराच वेळ. एवढी लहान मुले एवढा वेळ गप्प बसलेली सुगंधाने पाहिली नव्हती.

बाबली होडीत कधी चढत नसे. ती बाहेर उभी राहून दोन्ही हातांनी होडीची कड धरून हलवी. "मी दर्या," असे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते आणि ती जागा तिने कोणाला दिली नाही.

खेळ थांबवावा असे सुगंधाला रोज वाटे. शिक्षणात तिला सांगितले होते की मूल खेळते तेव्हा मधे पडू नये. पण असल्या खेळाबद्दल कोणी काही सांगितले नव्हते. एक दिवस बाकीची मुले घरी गेल्यावर बाबली डोणीपाशी रेंगाळली. पाण्यात हात घालून तिने सहज सांगितल्यासारखे सांगितले,

"बाई, माजो बापूस मुंबैक नाय."

सुगंधा तिच्याजवळ खाली बसली. "मग कुठे आहे?"

बाबलीने ओल्या हाताने समुद्राकडे दाखवले. "आयेक सांगू नको हां. ती रडात."

सुगंधाने मान हलवली. पाच वर्षांच्या मुलीने दीड वर्ष एकटीने काय सांभाळले होते, हे तिला कळले.

फाल्गुन लागल्यावर जे व्हायचे ते झाले. बाबलीला न्यायला एरवी काशीबाई येई, त्या दिवशी ती मासळी घेऊन बाजाराला गेली होती म्हणून आनंदीबाई आल्या. अंगणाच्या कुंपणाशी त्या पोचल्या तेव्हा महादू आणि दुसरा एक मुलगा रेतीत पालथे पडून हातपाय मारत होते. महादू मोठ्या माणसाच्या आवाजात बोलत होता:

"सत्यवाना, तुज्या बायलेक दिवस गेलेत. फळी तू घे."

"नको रे भिको," दुसरा म्हणाला.

"घे म्हणतंय मा!"

आनंदीबाईंनी किंकाळी फोडली. हातातली काठी होडीवर आपटली, बाबलीला दंडाला धरून ओढत नेले. मुले पांगली, महादू रडू लागला. त्याला कळेना की त्याने काय केले.

संध्याकाळी सरपंच दत्ताराम पडवीत येऊन बसले. ते कधी आवाज चढवत नसत. "बाई, तुमी चांगला काम करतास, माका म्हायत आसा. पण मेलेल्याचो खेळ पोरांनी करूचो नाय. उद्या ती होडी फोडून जळणाक घालतंव."

"मला तीन दिवस द्या," सुगंधा म्हणाली. कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हते. होडी आणली ती आपण, असे तिला वाटत होते. आपणच निस्तरायला हवे.

"तीन," दत्ताराम म्हणाले आणि उठले.

ती तशीच काशीबाईच्या घरी गेली. काशीबाई दारात उभी होती, जणू वाट पाहत.

"पोरां काय खेळतत?" तिने विचारले. "म्हातारी सांगना नाय. नुसती रडता."

वाडीत आल्यापासून सुगंधा सगळ्यांशी पुस्तकी मराठीत बोलत असे. बाईने तसे बोलायचे असते, असे तिला शिकवले होते. आता ते तिच्या तोंडातून निघेना.

"काशीबाय," ती म्हणाली, "पोरां बुडूचो खेळ खेळतत. भिकाजी काय बोललो ता महादू बोलता. खरा की खोटा माका म्हायत नाय. तेच्या बापसाक म्हायत असात."

"काय बोललो?"

"माज्या तोंडान नको. तू येवन ऐक."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीबाई अंगणात येऊन भेंडीच्या मुळीवर बसली. "खेळ रे महादू," ती म्हणाली. "बाबले, खेळ. माका बघूचा आसा." पण सांगून कोण खेळतो? मुले तिच्याकडे पाहत उभी राहिली, मग एकेक करून रेतीकडे गेली. दिवसभर होडीत कोणी शिरले नाही. पुढच्या दिवशीही काशीबाई आली. तिने बरोबर जाळे आणले होते, ते विणत बसली. मुले होडीत चढली, पण मोटार-मोटार खेळून उतरली. तिसऱ्या दिवशी ती त्यांना झाडासारखीच वाटू लागली असावी. दहाच्या सुमारास महादूने वर पाहून "वारो इलो" म्हटले. बाबलीने जागेवर जाऊन होडीची कड धरली.

काशीबाईने जाळे मांडीवर ठेवले. सगळे पाहिले, सगळे ऐकले. सोडणांखाली मूल निपचित पडले आणि बाकीची गप्प बसली तेव्हा तीही त्यांच्याबरोबर गप्प होती. मग ती उठली, सुगंधाला म्हणाली, "माज्याबरोबर ये," आणि सरळ सत्यवानच्या घराकडे चालू लागली.

सत्यवान पाळण्याचा पाय तासत होता. काशीबाईला दारात पाहून तो उभा राहिला. आत त्याची बायको चुलीपाशी होती. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी. काशीबाईने त्या मुलीकडे एकदा पाहिले.

"सत्यवान भावजी, फळी तेना दिल्यान तुमका?"

सत्यवान खाली बसला.

"पाणी इला, आमी उपसला," तो म्हणाला. "दोनदा इला, दोनदा उपसला. तिसऱ्या लाटेक डाव्या अंगाची फळी सुटली. मीच बसयलेली, आठ दिवसांपयली. होडी पालथी झाली. तिका धरूक गेलंव, ती लांब गेली. हातात फळी एक. दोघांका ती पेलना. भिको म्हणालो, तुज्या बायलेक दिवस गेलेत, फळी तू घे. मी नको म्हटलंय. तेना हात सोडल्यान."

"आनि मगे?"

"मगे दोन लाटांपर्यंत दिसलो."

"काय बोललो? बाबलेचा, माजा नाव घेतल्यान?"

सत्यवानने मान वर केली. सुगंधाला वाटले, आता हा हो म्हणेल. म्हणावे असेही तिला वाटले. पण तो म्हणाला, "नाय गो वयनी. तुका खोटा सांगूचंय नाय. तो मगे काय बोलूक नाय."

काशीबाईने पदर तोंडाला लावला. रडली नाही. तिने विचारले, "दीड वर्सां कित्याक बोललास नाय?"

"बायलेक तेवढा एका रात्री सांगलंय, ता पोरान ऐकल्यान आसतला. म्हातारी म्हणाली, तू बोललंस तर मी जीव देतलंय. आनि माकाच वाटला, तू म्हणशीत, माज्या घोवाची फळी घेवन जिवंत इलो."

"म्हणतलंयच होतंय," काशीबाई म्हणाली. "पयल्या दिवशी सांगलं असतं तर तुमच्या दारात डोक्या फोडून घेतलंय असतंय. पण सरला असता ता. मी दीड वर्सां कुंकू लावतंय, भावजी. सकाळी आरशात बघतंय आनि माका कळना नाय, मी कोणाची कोण."

सत्यवानच्या बायकोने मुलगी खाली ठेवली आणि बाहेर येऊन काशीबाईचे पाय धरले. काशीबाईने तिला उठवले. मुलगी रांगत येऊन पाळण्याचा अर्धवट तासलेला पाय चाटू लागली, तेव्हा तिघीही तिच्याकडे पाहत राहिल्या.

दत्तारामांना काशीबाईने स्वतःच जाऊन सांगितले की होडी फोडायची नाही. आठ दिवसांनी मालवणहून भटजी आले. खाडीच्या मुखाशी दर्भाचा पुतळा करून भिकाजीची क्रिया झाली. अग्नी द्यायला घरात पुरुष नव्हता. काशीबाई म्हणाली, सत्यवान देईल. कोणी हरकत घेतली नाही. आनंदीबाई आल्या नाहीत. त्या घरात दार लावून बसल्या होत्या.

बाबलीला तिच्या आईनेच सांगितले. ते कसे झाले हे काशीबाईने नंतर सुगंधाला सांगितले. मुलगी रडली नाही, दचकली नाही. आईच्या मोकळ्या कपाळावर बोट फिरवून तिने एवढेच विचारले, "आता आजयेक कोण सांगतला?"



अंगणातला बुडायचा खेळ आणखी पंधरा-वीस दिवस चालला, मग आठवड्यातून एकदा, मग क्वचित. तो कधी थांबला हे सुगंधाच्या लक्षात आले नाही. वहीत शेवटची नोंद चैत्राची आहे. बाबलीने दर्याची जागा एक दिवस आपणहून दुसऱ्या मुलीला दिली आणि होडीत चढून तिने भाकऱ्या थापल्या. उन्हाळ्यात कचेरीतून तपासणीला बाई आल्या. त्यांनी ठोकळ्यांची पेटी मागितली, मोजली, सगळे ठोकळे जसेच्या तसे पाहून समाधान मानले. अंगणाकडे पाहून त्या म्हणाल्या, "हे आवरत का नाही?" सुगंधा म्हणाली, "मुलांचं काम चालू आहे." त्यांनी अहवालात 'जागा अस्वच्छ' असा शेरा मारला. पण बदली मात्र केली नाही.

बालवाडीला मदतनीस ठेवायची परवानगी आली तेव्हा सुगंधाने काशीबाईला विचारले. काशीबाई म्हणाली, "माका अक्षर येना नाय." सुगंधा म्हणाली, "तुका तीन दिवस गप्प बसूक येता. माका ता शिकूक दीड म्हयनो लागलो." काशीबाई हसली. तिला हसताना सुगंधाने तेव्हा प्रथमच पाहिले. त्या आषाढात दोघींनी मिळून होडीवर माडाच्या विणलेल्या झापांचे छप्पर घातले.

आनंदीबाई सुनेशी बोलेनाशा झाल्या होत्या. एकाच घरात, एकाच चुलीवर, एक कुंकू पुसलेली आणि एक मुलाची वाट पाहणारी. काशीबाई ताट वाढून समोर ठेवी, म्हातारी जेवे, ताट सरकवून देई. बाबली दोघींच्या मधे निजे.

श्रावणात नारळी पौर्णिमेला सगळी वाडी किनाऱ्यावर जमली. काशीबाई बालवाडीच्या मुलांना रांगेत घेऊन आली होती. सुगंधा मागे होती. आनंदीबाई एकट्याच आल्या. हातात सोललेला नारळ, त्याला हळदकुंकू लावलेले. गेल्या नारळी पौर्णिमेला त्यांनी नारळ टाकताना मोठ्याने मुलाचे नाव घेतले होते, हे साऱ्यांना माहीत होते. लोक थोडे बाजूला झाले. म्हातारी पाण्यापाशी गेली. मग मागे वळून तिने नातीला हाक मारली.

"ये गो बाबले."

बाबली पळत गेली. म्हातारीने नारळ तिच्या हातांत दिला.

"तू टाक."

"काय म्हणू?"

"काय म्हणा नको. टाक."

बाबलीने दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलून फेकला. तो फार लांब गेला नाही. पुढच्या लाटेने तो पुन्हा रेतीकडे आणला. बाबली घाबरून आजीकडे पाहू लागली. तेव्हा गर्दीतून सत्यवान पुढे आला. दोन वर्षांत तो गुडघ्याच्या वर पाण्यात शिरला नव्हता. तो छातीपर्यंत आत गेला, नारळ हाताने पुढे ढकलला, लाट ओसरण्याची वाट पाहिली आणि पुन्हा ढकलला. नारळ वाहत्या पाण्याला लागला. सत्यवान बाहेर आला तेव्हा निथळत होता. आनंदीबाईंनी आपल्या खांद्यावरचा पंचा काढून, त्याच्याकडे न पाहता, त्याच्या हातात दिला.